सोयाबीनचा ओलावा आणि ओकॅमल

लातूर भागात सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाच्या खाली घसरला की खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरची रांग लागते. २०२४ च्या खरिपात तेच झालं. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली, आणि केंद्रावर नडणारी अट म्हणजे ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन रास झाल्या झाल्या बारा टक्क्यांत कसं बसणार? ओरड झाली, विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, आणि नोव्हेंबरच्या मध्याला केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. या सवलतीपोटी येणारा जादा खर्च आणि तूट राज्यांनी सोसायची, अशी पुस्तीही जोडली.

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्राचा हिशेबाचा प्रोग्राम मी लिहिलेला आहे. सरकारी पोर्टल वेगळं. तिथे सातबारा, पीकपेरा, आधार, बँक पासबुक हे सगळं चढतं. पण टोकन कुणाला दिलं, नमुना कुणी बघितला, मीटरवर आकडा काय आला, माल काट्यावर गेला की बारदान्यासाठी थांबला, ही केंद्राची स्वतःची वही असते. आधी ती एक्सेलमध्ये होती, त्याआधी लाल कापडी बांधणीच्या वहीत. आता ती माझ्या प्रोग्राममध्ये आहे, आणि हा प्रोग्राम ओकॅमल नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. सवलतीची बातमी आली तेव्हा माझ्याकडे एक रात्र होती, कारण सकाळी काटा सुरू होणार होता.

"पायथन सोडून हे काय काढलास?" हा प्रश्न मला लातुरातले सगळे संगणकवाले विचारतात. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा जावा लिहायचो, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. पुढच्या वेळी लिंक देता येईल.

आधी थोडं घराणं सांगतो. १९७० च्या दशकात एडिंबराला रॉबिन मिल्नर आणि मंडळी गणिती सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्याच्या मागे होती. त्या कामापुरती त्यांनी एक भाषा केली, तिचं नाव एमएल. चुकीची सिद्धता कुणी 'सिद्ध झाली' म्हणून खपवू नये, यासाठी तिच्यात टाइपांची, म्हणजे कुठली किंमत कुठल्या जातीची आहे ते आधीच तपासण्याची, कडक व्यवस्था होती. पुढे फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेत तिची एक शाखा वाढली, कॅमल नावाची. १९९० मध्ये झाविए लरुआ आणि दामियाँ दोलिजे यांनी कॅमल लाइट ही हलकी आवृत्ती केली, जी त्या काळच्या साध्या पीसीवरही चालायची. १९९६ मध्ये तिच्यात ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एका गाठोड्यात बांधायची पद्धत) आले आणि नाव झालं ऑब्जेक्टिव्ह कॅमल. २०११ पासून अधिकृतपणे ओकॅमल. रस्ट या भाषेचं नाव आज सगळ्यांच्या तोंडी आहे, त्या रस्टचा पहिला कंपायलर (लिहिलेला कोड तपासून यंत्राला चालेल असा करणारा प्रोग्राम) ओकॅमलमध्ये लिहिलेला होता. आणि शेअर बाजाराची बातमी वाचणाऱ्यांना जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीचं नाव जुलै २०२५ मध्ये कळलं, सेबीने अंतरिम आदेशात ४,८४३ कोटी रुपये बाजूला ठेवायला सांगितले तेव्हा. त्या कंपनीचा जवळपास सगळा कारभार याच भाषेत चालतो, आणि ओकॅमलची काही महत्त्वाची हत्यारं तिच्या माणसांनी घडवली आहेत. औशाचं खरेदी केंद्र आणि वॉल स्ट्रीट एकच कंपायलर वापरतात, यात मला थोडी गंमत वाटते.

आता मुद्द्यावर येतो. केंद्रावर नमुना बघितल्यावर मालाचं काय होतं? चार गोष्टी होऊ शकतात. माझ्या प्रोग्राममध्ये त्या अशा लिहिल्या होत्या (खऱ्या कोडात नावं रोमन लिपीत आहेत, इथे वाचायला बरं पडावं म्हणून देवनागरीत):

टाइप निकाल =
| घ्यायचा
| वाळवून_आणा ऑफ ओलावा
| परत ऑफ कारण
| थांबवला

याला व्हेरियंट म्हणतात. जावामध्ये मी यासाठी एक स्टेटसचा कॉलम केला असता, शेजारी ओलाव्याचा कॉलम, त्याच्या शेजारी कारणाचा, आणि कुठला कॉलम कधी रिकामा असतो ते डोक्यात ठेवलं असतं. इथे ओलाव्याचा आकडा 'वाळवून आणा' याच्याच पोटात आहे. माती-काडी जास्त म्हणून परत केलेल्या मालाला वाळवायचा आकडा चिकटूच शकत नाही, कारण तसं लिहायला जागाच नाही. आणि कारण न देता 'परत' असंही लिहिता येत नाही. शेतकरी दिवसभर रांगेत उभा राहून विनाकारण परत गेला, असं निदान या वहीत तरी होत नाही.

त्या रात्री मला पाचवी गोष्ट घालायची होती. १२ च्या वर आणि १५ पर्यंतचा माल घ्यायचा, पण त्याची नोंद वेगळी, कारण तुटीचा हिशेब वेगळ्या खिशातून होणार. 'घ्यायचा' यातच मिसळून टाकला असता तर हंगाम संपल्यावर कुणी आकडा मागितला की केंद्राची वही बघणाऱ्या मुनीमकाकांना सगळ्या पावत्या पुन्हा चाळाव्या लागल्या असत्या. म्हणून नवी ओळ टाकली: 'सवलतीत_घ्यायचा ऑफ ओलावा'. आणि कंपायल केलं.

ओकॅमलवर माझा जीव इथेच जडलेला आहे. निकालाचं काय करायचं हे जिथे जिथे लिहिलं होतं, तिथे तिथे कंपायलरने बोट ठेवलं. पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी हिशेबाची पावती) छापायची जागा: पाचव्या गोष्टीचं काय? गोदामाची आवक: पाचव्या गोष्टीचं काय? दिवसअखेरचा गोषवारा, बारदान्याचा हिशेब, शेतकऱ्याला जाणारा एसएमएस: सगळीकडे तोच प्रश्न. नुसतं 'इथे अपुरं आहे' म्हणून थांबत नाही, कुठली गोष्ट सुटली ते उदाहरण देऊन सांगतो. गंजगोलाईच्या मधोमध उभं राहून सोळाही रस्त्यांना काय लागतं ते कुणाला सांगत असाल आणि एक रस्ता राहिला, तर हा माणूस त्याच रस्त्याकडे हात करून विचारतो. एक फाइल नीट केली की पुढची फाइल बोलू लागते. मी यादी केली नाही, डोकं खाजवलं नाही; कंपायलर दाखवेल तिकडे गेलो. तो गप्प झाला तेव्हा काम झालेलं होतं.

एसएमएसचं तर मला आठवलंच नसतं. तो भाग लिहून बरेच महिने झाले होते.

यात एक पथ्य आहे, आणि ते न पाळणारे लोक नंतर ओकॅमलच्या नावाने खडे फोडतात. प्रत्येक शक्यतेला काय करायचं ते जिथे लिहितात त्याला मॅच म्हणतात; त्या मॅचमध्ये शेवटी एक अंडरस्कोर टाकून 'बाकी काहीही असो, असं कर' म्हणता येतं. तो टाकला की कंपायलरचं तोंड बंद होतं. नवी गोष्ट आली तरी ती मुकाट 'बाकी'त जाते. अशा नाजूक मॅचबद्दल बोंब मारणारी चौथ्या क्रमांकाची वॉर्निंग भाषेत आहे, पण ती मुळात बंद असते. अपुऱ्या मॅचची आहे ती आठव्या क्रमांकाची, आणि ड्यून या प्रोग्राम बांधायच्या हत्याराच्या रोजच्या सेटिंगमध्ये ती सरळ एरर धरली जाते. माझा नियम सोपा आहे: ज्या टाइपवर कुणाचा पैसा अवलंबून आहे, त्याच्या मॅचमध्ये अंडरस्कोर नाही. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. लिहाव्यात.

पैशाचं निघालंच आहे तर सांगतो. ओकॅमलमध्ये पूर्णांकांची बेरीज '+' ने होते आणि दशांशाची '+.' ने. नवीन माणूस या टिंबावर हमखास वैतागतो. मी नाही वैतागत, कारण ते टिंब सारखं विचारत राहतं की हा आकडा नेमका कसला आहे. रुपयांचा हिशेब दशांशात ठेवला की कधी ना कधी पैसा इकडचा तिकडे होतो, हे कुठल्याही भाषेत खरं. मी सगळं पैशांत आणि किलोत पूर्णांकाने ठेवतो. त्यात एक सोय आपोआप झाली: क्विंटलला जितके रुपये, किलोला तितकेच पैसे. ४,८९२ रुपये क्विंटल म्हणजे ४,८९२ पैसे किलो. दर बदलून लिहायची गरजच नाही. २३ क्विंटल ४० किलो माल असेल तर २,३४० गुणिले ४,८९२, म्हणजे १,१४,४७,२८० पैसे, म्हणजे १,१४,४७२ रुपये ८० पैसे. ओलावाही टक्क्याच्या दहाव्या भागात पूर्णांक म्हणून ठेवला आहे; मीटर एकच दशांश दाखवतं, तेव्हा १५.० म्हणजे १५०. मग "बरोबर पंधरा आला तर आत की बाहेर?" हा वाद निदान यंत्राच्या बाजूने उरत नाही. १५० आत, १५१ बाहेर.

किलो आणि पैसे दोन्ही पूर्णांकच, मग चुकून एकमेकांत मिसळणार नाहीत का? त्यासाठी मॉड्यूल, म्हणजे कोडाचे बंद कप्पे, आहेत. 'किलो' नावाच्या मॉड्यूलने आतून पूर्णांकच ठेवायचा, पण बाहेरच्या जगाला तो पूर्णांक आहे हे सांगायचं नाही. मग किलोत पैसे मिळवायला गेलं की कंपायलर अडवतो. मोंढ्यातल्या कुठल्याही मुनिमाला हे सांगा, तो म्हणेल यात काय नवं, वजनाचा रकाना वेगळा आणि रकमेचा वेगळा. बरोबरच आहे.

लोक ओकॅमलला 'फंक्शनल भाषा' म्हणून बाजूला काढतात, तेव्हा मला तक्रार असते. ही अनेक पद्धतींची भाषा आहे, आणि तिने कुठल्याच पद्धतीची दीक्षा घ्यायला लावलेली नाही. माझ्या प्रोग्राममध्ये निकाल ठरवणारा भाग शुद्ध फंक्शनचा आहे: आत नमुना, बाहेर निकाल, मधे कुठल्याही व्हेरिएबलची किंमत बदलत नाही. काट्याकडून सिरियल पोर्टवर येणारं वजन वाचणारा भाग मात्र साधा लूप आहे. त्यात बदलता येणारा बफर आहे, व्हाइल आहे, जुन्या सी वाल्याला घरच्यासारखं वाटेल असा कोड आहे. शेतकरी नंबरावरून शोधायला हॅशटेबल आहे, तोही जागच्या जागी बदलतो. हॅस्केल या शुद्ध फंक्शनल भाषेत हेच करायला आधी मोनाड नावाच्या रचनेची दारं उघडावी लागली असती. हॅस्केल सुंदर आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण काट्यावर पोतं ठेवून हमाल उभा असतो तेव्हा शुद्धतेचा आग्रह धरायचा कुणी?

आणि ऑब्जेक्ट? नावातला पहिला 'ओ' ज्याच्यासाठी आहे तो भाग मी आजवर एकदाही वापरलेला नाही. क्लास आहेत, मेथड आहेत, वारसा आहे, आणि त्यांची टाइपव्यवस्था तर जावापेक्षा हुशार आहे. कुठल्या क्लासचा आहे यापेक्षा कुठल्या मेथड आहेत यावरून ऑब्जेक्टचा टाइप ठरतो. पण मॉड्यूल आणि व्हेरियंट हाताशी असले की ऑब्जेक्टकडे वळायची वेळच येत नाही. पुण्यात इतकी वर्षं क्लासच क्लास लिहिल्यावर हे कळलं, आणि बरं वाटलं.

भाषा चांगली असून हत्यारं भिकार, ही ओकॅमलची बरीच वर्षं ओळख होती. आता ती राहिली नाही. ओपॅम पॅकेजं आणतो आणि प्रत्येक कामाला वेगळा 'स्विच' देतो, म्हणजे त्या कामाचा कंपायलर आणि लायब्ररी (तयार कोडाचे संच) इतरांपासून अलग. ड्यून बांधणी करतो. आधी त्याचं नाव जेबिल्डर होतं, जेन स्ट्रीटमध्ये जन्मलेला. 'ड्यून बिल्ड' वॉचवर लावून ठेवला की फाइल सेव्ह करताच एरर समोर. मर्लिन एडिटरमध्ये बसून प्रत्येक नावाचा टाइप सांगतो. ओकॅमलमध्ये टाइप लिहावे लागत नाहीत, कंपायलर ओळखतो. त्यामुळे कोड वाचताना हा मर्लिन नसेल तर माणूस आंधळा होतो. त्याची मला सर्वांत आवडणारी करामत म्हणजे डिस्ट्रक्ट: एखाद्या किमतीवर कर्सर ठेवून सांगितलं की तो तिच्या सगळ्या शक्यतांचा मॅच स्वतः लिहून देतो, आपण फक्त उजवी बाजू भरायची. ओकॅमलफॉरमॅट कोड नीटनेटका लावतो, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, लावून मोकळं व्हावं. यूटॉपमध्ये, जिथे ओळ लिहिताच उत्तर मिळतं, छोटे प्रयोग करावेत. आणि ओकॅमलच्या जुन्या डिबगरला (चूक शोधायला प्रोग्राम पावलापावलाने चालवणाऱ्या हत्याराला) मागच्या पावलांनीही चालता येतं, ही गोष्ट मी सांगतो तेव्हा पोरांना खोटी वाटते. फक्त तो बाइटकोडवर चालतो, मूळ मशीन कोडवर नाही, त्यामुळे मी फारसा वापरत नाही.

पण ज्याच्यासाठी मी ड्यूनला दुवा देतो ती गोष्ट वेगळीच आहे. ड्यूनमध्ये एक तऱ्हेची टेस्ट आहे: प्रोग्राम चालवून जे छापलं जातं ते जसंच्या तसं फाइलीत ठेवायचं. पुढे कोड बदलला आणि छापणं बदललं की 'ड्यून टेस्ट' जुनं आणि नवं समोरासमोर दाखवतं. नवं बरोबर असेल तर 'ड्यून प्रमोट' म्हणायचं, म्हणजे तेच आता पक्कं. माझ्या टेस्ट म्हणजे पट्ट्या आहेत. हमीभावाची पट्टी, बाजारभावाची पट्टी (कंपनी स्वतःचीही खरेदी करते, तिथे हमाली-तोलाई कापली जाते), परत गेलेल्या मालाची चिठ्ठी, थांबवलेल्याची चिठ्ठी.

आणि त्या तपासतात मुनीमकाका. त्यांचं आयुष्य मोंढ्यातल्या एका आडत दुकानात गेलं, आता केंद्राची वही बघतात. कोड म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. सवलतीच्या रात्री मी त्यांना जुनी आणि नवी पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांचा फोन आला.

"हे 'सवलतीत' असं खाली बारीक छापूलालास, ते वर घे. शेतकऱ्यानं घरी जाऊन लेकाला दाखवल्यावर लेकाला पहिलं तेच दिसाय पाहिजे."

"काका, वर जागा नाही."

"जागा करावं लागतंय. तारीख बारीक कर, तारीख कोण वाचतंय."

तारीख बारीक केली. ते 'हं, आता लाव' म्हणाले आणि मी प्रमोट केलं. टेस्ट कशाला म्हणतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. टेस्टमध्ये काय बघायचं असतं ते काकांकडून शिकलो. शेवटची ओळ आधी बघतात, मग वजन, मग दर. उलट्या क्रमाने. त्यांच्या मते माणूस बेरीज फसवायला वरून खाली लिहितो, म्हणून खालून वर वाचायचं.

देवनागरीने मात्र मला घाम फोडला. ओकॅमलची स्ट्रिंग म्हणजे नुसती बाइटांची माळ. 'लातूर' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं १५. डोळ्याला अक्षरं दिसतात तीन, युनिकोडच्या हिशेबाने चिन्हं पाच, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट. त्यामुळे 'नावाला वीस घरं दे, उरलेल्यात मोकळी जागा भर' असं प्रिंटएफला सांगितलं की मराठी नावांचे रकाने दारूड्यासारखे डोलतात. डॅनियल ब्यूंझ्ली यांच्या यूयूटीएफ, यूयूसेग अशा लायब्ररी आहेत. यूयूसेग जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून नीट तुकडे पाडतो. पण तुकडे मोजले तरी प्रिंटरवर 'क्ष्मी' आणि 'र' यांची रुंदी सारखी थोडीच येते. शेवटी मी नावाचा रकाना ओळीच्या शेवटी नेला. नावानंतर काही छापायचंच नाही, म्हणजे काही सरकायचाही प्रश्न नाही. याहून शहाणा उपाय कुणाकडे असेल तर कळवा.

आणि हो, व्हेरिएबलची नावंही देवनागरीत देता येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीत नावांसाठी युनिकोडचं दार किलकिलं झालं, पण आत घेतली ती युरोपातली टोप्या-टिंबांची अक्षरं. फ्रेंच माणसाला आता आपल्या स्वरांवरचे फराटे मिळाले. आमचा 'बारदाना' अजून रोमन लिपीतच आहे.

केंद्रावरचा संगणक विंडोजचा, माझा लॅपटॉप उबंटूचा. विंडोजवर ओकॅमल चढवणं हे पूर्वी व्रतच होतं, सिग्विन नावाच्या मधल्या प्रोग्रामच्या आडवाटेने जावं लागायचं. जुलै २०२४ मध्ये ओपॅम २.२ आला आणि विंडोजला सरळ आधार मिळाला. आता मी विंडोजवरच बांधणी करतो आणि तयार एक्सई फाइल पेनड्राइव्हवर नेतो. तिथे जावा बसवा, पायथनची आवृत्ती जुळवा, असलं काही नाही. केंद्रावरच्या पोराने जुनी फाइल बाजूला ठेवायची आणि नवी टाकायची. गावातल्या इंटरनेटवर माझा भरवसा मोबाइलला रेंज असेल तितकाच, म्हणून हा पेनड्राइव्ह मला कुठल्याही क्लाउडपेक्षा जवळचा. डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, तोही एकाच फाइलीत.

तक्रारी आहेत, नाही असं नाही. स्टँडर्ड लायब्ररी अंगाने बारीक आहे. तारीख-वेळ, जेसन (माहिती देवाणघेवाणीचा साचा), अशा रोजच्या गोष्टींसाठी बाहेरून आणावं लागतं. जेन स्ट्रीटने स्वतःची मोठी पर्यायी लायब्ररी केली आहे, त्यामुळे नेटवरचा अर्धा कोड एका बोलीत आणि अर्धा दुसऱ्या बोलीत. टाइपच्या एरर पूर्वीपेक्षा सुधारल्या, तरी कधीकधी खरी गडबड वरच्या ओळीत असते आणि कंपायलर बोट खाली ठेवतो. अशा वेळी एकदोन ठिकाणी टाइप हाताने लिहून दिला की तो शुद्धीवर येतो. एका ओळीच्या शेवटी अर्धविराम जास्त पडला तर एरर कुठल्या कुठे जाते. आणि चित्रांचा, बटणांचा प्रोग्राम करायचा असेल तर मी ओकॅमलचं नाव सुचवणार नाही. माझा प्रोग्राम टर्मिनलवर चालतो, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि केंद्रावरच्या पोराला तो रेल्वेच्या तिकीट खिडकीची आठवण करून देतो. त्याला तो आवडतो, कारण माउस लागत नाही.

कौतुकाची एक गोष्ट राहिली. ओकॅमलला बरीच वर्षं एकच दुखणं होतं: प्रोसेसरला चार गाभे (कोअर) असले तरी एका वेळी काम एकच गाभा करायचा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीने ते घालवलं. चालत्या भाषेचा कचरा गोळा करणारा, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणारा, भाग बदलायचा, जुने प्रोग्राम मोडू द्यायचे नाहीत आणि त्यांचा वेगही पडू द्यायचा नाही, असं ते काम. त्यात आघाडीवर होते के. सी. शिवरामकृष्णन, आयआयटी मद्रासचे प्राध्यापक. त्यांच्या तिथल्या प्रोग्रामिंगच्या पद्धतींवरच्या अभ्यासक्रमात ओकॅमल आणि प्रोलॉग दोन्ही शिकवतात. मला गाभ्यांची गरज नाही. आमच्या काट्याचा वेग हमालाच्या पावलांवर ठरतो. पण अभियांत्रिकीची पोरं मला विचारतात की या भाषेत आपल्याकडचं कोण आहे, तेव्हा हे नाव सांगतो.

ती पोरं पुढचा प्रश्न विचारतात: यातून नोकरी मिळेल का? लातुरात नाही. पुण्यातही शोधावी लागेल. जावा किंवा पायथन शिकून नोकरी धरा, असंच मी सांगतो. माझा स्वतःचा संसार त्यावरच उभा राहिला. ओकॅमल शिकायचं ते वेगळ्या कारणासाठी: जावामध्येही आता सील्ड क्लास आणि पॅटर्न मॅचिंग आलं, पायथनमध्ये ३.१० पासून मॅच आलं, रस्टमध्ये तर ते पहिल्यापासून आहे. ज्या गोष्टी आता सगळीकडे पोचत आहेत, त्या मूळ घरी बघितलेल्या बऱ्या.

शिकायचंच असेल तर कॉर्नेल विद्यापीठाचा ओकॅमलचा अभ्यासक्रम पुस्तक आणि छोट्या व्हिडिओंसकट मोफत आहे, तिथून सुरुवात करा. आधी व्हेरियंट आणि मॅच, मग लिस्ट, मग मॉड्यूल. ऑब्जेक्टचं प्रकरण सरळ सोडून द्या, फंक्टरचं नंतर बघा. एडिटर व्हीएस कोड चालेल, त्यात ओकॅमलचं एक्स्टेन्शन टाका आणि स्विचमध्ये ओकॅमल-एलएसपी-सर्व्हर बसवायला विसरू नका, नाहीतर टाइप दिसणार नाहीत आणि भाषा अकारण अवघड वाटेल. ओपॅमचा पहिला स्विच बनताना कंपायलर सोर्सपासून बांधला जातो; त्याला वेळ लागतो, पंखा ओरडतो, मोबाइलचा डेटाही जातो. तेव्हा ते काम वायफाय असेल तिथे, चार्जर लावून करा.